शाहजोग ते ओटीपी : परदेशातल्या कमावत्याची ओळख

खेड तालुक्यातल्या माझ्या एका स्नेह्याची ही हकीकत. गेली अठ्ठावीस वर्षे ते कुवेतमध्ये नोकरीला आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या आईला रात्री अचानक रत्नागिरीला इस्पितळात न्यावे लागले. इस्पितळाने अनामत रक्कम मागितली. मुलाच्या खात्यात पैसे होते, खाते गावाकडच्याच बँकेत होते आणि हातातल्या फोनवर त्या बँकेचे अ‍ॅपही होते. पण खात्याला जोडलेला भारतातला मोबाईल क्रमांक रिचार्ज न केल्यामुळे केव्हाच बंद पडला होता. बँक त्या मेलेल्या क्रमांकावर ओटीपी पाठवीत राहिली आणि अ‍ॅप पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की तुमची ओळख पटत नाही. शेवटी गावातल्या किराणा दुकानदाराने गल्ल्यातले आणि शेजाऱ्याकडचे मिळून पैसे उभे केले. कागद नाही, सही नाही. "तो येईल तेव्हा देईल, जातोय कुठं?" एवढेच तो बोलला.

स्नेही नंतर मला म्हणाले, "अब्बा बोटीवर खलाशी होते. सही येत नव्हती, अंगठा लावायचे. तरी त्यांचे पैसे घरी पोचायचे. माझ्याकडे पासपोर्ट आहे, सिव्हिल आयडी आहे, पॅन आहे, आधार आहे. माझे पैसे पोचले नाहीत."

हे गाऱ्हाणे एकट्या माणसाचे नाही. रायगड-रत्नागिरीतल्या ज्या घरांची चूल तीन पिढ्या परदेशच्या कमाईवर पेटली, त्या प्रत्येक घरात आज अशी एखादी गोष्ट सापडते. म्हणून थोडे मागे जाऊन पाहावेसे वाटले. पैसा पाठवणारा एका मुलखात, घेणारा दुसऱ्या मुलखात. मग मधल्या माणसाला खात्री कोण देत होते?

जुन्या पेठेत या प्रश्नाचे उत्तर हुंडीच्या कागदावरच लिहिलेले असे. नामजोग हुंडी असेल तर जिचे नाव घातले त्याच व्यक्तीला पैसे मिळत. शाहजोग असेल तर ते फक्त शाहाला मिळत. शाह म्हणजे पेठेत ज्याची पत आहे, ज्याला चार लोक ओळखतात असा सराफ किंवा व्यापारी. मला या शाहजोग हुंडीचे फार कौतुक वाटते. ती चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शाहाने ती पुढे करून पैसे उचलले त्याला ते परत करावे लागत. म्हणजे ओळख देणारा माणूस नुसती मान डोलावून मोकळा होत नसे. ओळख चुकली तर नुकसान त्याचे. आणि हुंडी हरवली तर? त्याचीही सोय होती. हरवलेल्या हुंडीबद्दल दुसरी प्रत मिळे, तिला पेठ म्हणत; तीही हरवली तर तिसरी, ती परपेठ. कागद गेला म्हणून माणसाचा हक्क जात नसे. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या अशा कागदांपुरती स्थानिक वहिवाट त्यांनी कायम ठेवली, ती उगीच नव्हे.

हवाल्याचेही तसेच. आज हा शब्द ऐकताच पोलिसांची धाड डोळ्यांसमोर येते. पण हनफी फिकहाच्या ग्रंथांत हवाल्यावर स्वतंत्र प्रकरण असते आणि त्याचा अर्थ साधा आहे : एकाच्या शिरावरचे कर्ज दुसऱ्याच्या शिरावर सोपवणे, तेही संबंधितांच्या संमतीने. त्याच ग्रंथांत सुफ्तजा नावाच्या कागदाची चर्चा आहे. एका गावी रक्कम द्यायची आणि दुसऱ्या गावी घ्यायची, म्हणजे वाटेतला धोका टळतो. उलेमांनी त्यावर नाराजी दाखवली, कारण कर्ज देणाऱ्याला त्यातून वाटेच्या सुरक्षिततेचा फायदा मिळतो. व्यापाऱ्यांनी हा कागद वापरायचे मात्र सोडले नाही.

आपल्या कोकणी माणसाचा आखाताशी संबंध तेलाने सुरू झाला, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मस्कतला १८६४ साली, बहारीनला १८८४ साली आणि दुबईला १९०९ साली टपाल कचेऱ्या उघडल्या त्या हिंदुस्थान सरकारच्या. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी मुंबईहून कराची, मस्कत, बंदर अब्बास, दुबई, बहारीन, कुवेत करत बसऱ्यापर्यंत जात. त्यांपैकी 'दारा' बोट १९६१ च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ स्फोट होऊन पेटली आणि बुडाली. 'द्वारका' मात्र १९८२ पर्यंत या वाटेवर चालू होती. तिच्या डेकवर सतरंजी पसरून गेलेले बुजुर्ग अजून आपल्यात आहेत. आणि बोटीतून उतरल्यावर या माणसाला पैसे बदलायला सराफ शोधावा लागत नसे, कारण तिथे चालत होता आपलाच रुपया. कुवेत, बहारीन, कतार, आज ज्याला अमिराती म्हणतो तो किनारा, मस्कत, सगळीकडे. कमावले तेच चलन, घरी न्यायचे तेच चलन. गावचा कोणी सुट्टीवर निघाला की त्याच्याकडे पुरचुंडी द्यायची आणि सोबत एक चिठ्ठी.

या सरळ व्यवहाराला पहिला खोडा बसला १९५९ साली. आखातातून चोरटे सोने भारतात येई, त्याची किंमत रुपयांच्या नोटांनी चुकवली जाई आणि त्या नोटा आखातातल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे येऊन त्यांबदली पौंड द्यावे लागत. स्वतंत्र देशाच्या परकीय गंगाजळीला लागलेली ही गळती थांबवणे भागच होते. म्हणून सरकारने रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती करून आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या नोटा काढल्या. त्या भारतात चालत नसत. त्याच सुमारास हाजींसाठीही दहा आणि शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या, त्यांच्यावर एचए ही अक्षरे होती. आजीच्या पेटीत अशी एखादी हज नोट जपून ठेवलेली असेल तर वाचकांनी ती जरूर पाहावी. आज तिला संग्राहक चांगली किंमत देतात. मला मात्र त्या नोटेत वेगळेच काही दिसते. तोपर्यंत नोट कोणाच्या हातात आहे आणि तो हात कुठल्या किनाऱ्यावर आहे, हे नोटेला ठाऊक नसे. आता पैशाने पहिल्यांदा विचारले, तू कुठे उभा आहेस? तोच रुपया, तीच रिझर्व्ह बँक, पण दुबईतला रुपया मुंबईत परका झाला.

पुढे कुवेतने १९६१ साली स्वतःचा दिनार काढला, बहारीनने १९६५ साली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले, ४.७६ रुपयांचा डॉलर एका दिवसात ७.५० रुपयांना गेला. उरलेल्यांनीही मग रुपयाला रामराम ठोकला. मस्कत-ओमानने सर्वांत शेवटी, १९७० साली.

तेलाचे भाव १९७३ साली भडकले आणि आपली गावेच्या गावे विमानात बसली. आता ओळखीचे कागद आले. पासपोर्ट हवा, व्हिसा हवा, तिथला कफील हवा. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानंतर दहावी न झालेल्या माणसाच्या पासपोर्टावर 'इमिग्रेशन चेक' आवश्यक असल्याचा शेरा येऊ लागला. त्यातही गंमत अशी, की हा पासपोर्ट बहुतेकदा त्या माणसाकडे नसेच. तो कफीलाच्या कपाटात असे. स्वतःची ओळख दुसऱ्याच्या कुलपात ठेवून आपली माणसे वर्षानुवर्षे राबली.

पैसे पाठवण्याची सरकारी वाट होती. अनिवासी भारतीयांसाठी १९७० साली एनआरई खाते सुरू झाले, १९७५ साली परकीय चलनातल्या ठेवीही. पण ज्याचे जवळचे बँकेचे गाव पंधरा मैलांवर आणि घरात इंग्रजी वाचणारा कोणी नाही, त्याला ड्राफ्ट म्हणजे डोकेदुखी. ड्राफ्ट टपालाने यायचा, मग तो वटायला आठवडे जायचे. याउलट हवाल्याचा माणूस दारात येई. दुबईच्या दुकानात दिरहॅम द्यायचे, दुकानदार दहा रुपयांच्या एखाद्या नोटेचा क्रमांक टिपून मुंबईला कळवी, आणि ती नोट जो दाखवील त्याला रक्कम मिळे. एकदाच वापरायचा क्रमांक, दोन्ही टोकांना जुळला तर व्यवहार पुरा. ओटीपी याहून वेगळा काय असतो? फरक एवढाच, की नोट हरवली तर भेंडीबाजारातल्या माणसाकडे जाऊन भांडता येत असे.

हवाल्याची तरफदारी करण्याचा माझा हेतू नाही. १९७३ च्या फेरा कायद्याने तो गुन्हा होता, आणि फेरा जाऊन २००० साली फेमा आल्यावरही तो बेकायदाच राहिला. त्याच वाटेने तस्करीचा पैसा फिरला, पुढाऱ्यांच्या नावांची डायरी निघाली तीही हवाल्याचीच, आणि १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांनंतर 'आखाती पैसा' हा शब्दच आपल्या समाजाला शिवीसारखा लागू लागला. नव्या मशिदीला रंग दिला तरी लोक विचारत, पैसा कुठून आला? आईच्या औषधाला पाठवलेले दोन हजार आणि तस्कराचे दोन कोटी एकाच शब्दाखाली आले, हे नुकसान आपण सोसले. त्यात आपलीही चूक होती. सरकारी वाट शिकून घेण्याचा कंटाळा आपण केला.

ज्यांनी ती शिकून घेतली, तेही बचावले असे नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या. कुवेती दिनार आधी इराकी दिनाराच्या बरोबरीचा ठरवला गेला आणि मग चलनातूनच काढला. बँकेत पासबुक आहे, शिल्लक आहे आणि हातात काही नाही, असा अनुभव तेव्हा लोकांनी घेतला. अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या भरपाई आयोगाने एकेकट्या माणसाला २५०० ते ४००० डॉलर दिले, इराकच्या तेलाच्या उत्पन्नातून. त्यासाठी आपण त्या तारखांना तिथे होतो हे दाखवावे लागे, आणि अनेकांचे पासपोर्ट तर कफीलाच्या कपाटात राहून गेलेले.

पैशाच्या वाटेवर ओळख विचारण्याचे जे नियम आज जगभर आहेत, त्यांना आजची धार आली ती ११ सप्टेंबर २००१ नंतर. इथे थोडे आपल्या परिघाबाहेर, सोमालियाकडे पाहिले पाहिजे. तिथे १९९१ नंतर सरकार नव्हते, बँका नव्हत्या. परदेशातल्या सोमाली माणसाचे पैसे घरी पोचत ते अल-बरकातसारख्या कंपन्यांमार्फत. ७ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेने दहशतवाद्यांना पैसा पुरवल्याच्या आरोपावरून अल-बरकातच्या कचेऱ्या बंद केल्या आणि खाती गोठवली. मिनियापोलिसचा टॅक्सीवाला आणि मोगादिशूतली त्याची आई यांच्यातला धागा एका दिवसात तुटला. पुढे अमेरिकेच्याच ९/११ आयोगाच्या अभ्यासकांनी प्रकरण तपासले, तेव्हा तो आरोप सिद्ध करणारा पुरावा त्यांना मिळाला नाही. स्वीडनमधल्या अल-बरकातने दाद मागितली आणि ३ सप्टेंबर २००८ रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की बाजू मांडण्याची संधी न देता अशी खाती गोठवता येणार नाहीत. तोवर सात वर्षे झाली होती. २०१३ साली ब्रिटनमध्ये बार्कलेज बँकेने पैसे पाठवणाऱ्या कितीतरी कंपन्यांची खाती बंद करायला घेतली, तेव्हा दहबशील या सोमाली कंपनीला कोर्टातून मनाई हुकूम आणावा लागला. कोणी गुन्हा केला म्हणून नव्हे. धोका नको म्हणून.

आपल्याकडे 'ग्राहकाला ओळखा' अर्थात केवायसीचे नियम रिझर्व्ह बँकेने २००२ आणि २००४ साली आणले. मनी लाँडरिंगचा कायदा १ जुलै २००५ पासून लागू झाला. तोवर ओळख म्हणजे कागद होता, झेरॉक्स होती, आणि मॅनेजर ओळखीचा असला तर काम होत असे.

मग आधार आले. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. ज्या आदिवासी बाईकडे कुठलाच कागद नाही तिला ओळख मिळावी, हा विचार चांगलाच होता. पण २०१६ च्या आधार कायद्याने ही ओळख ठेवली ती निवासी माणसासाठी : अर्जाआधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेला. दोन वर्षांनी दोन महिन्यांच्या सुट्टीवर येणारा आमचा कुवेतवाला त्यात बसत नव्हता. तो भारताचा नागरिक होता, मतदार होता, घरपट्टी भरत होता, पण निवासी नव्हता. त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली. अनिवासींना जुन्या नोटा बदलायला ३० जून २०१७ पर्यंत मुदत मिळाली, पण पंचवीस हजारांपर्यंत, विमानतळावर कस्टमला नोटा दाखवून आणि रिझर्व्ह बँकेच्या फक्त पाच कचेऱ्यांत. मुंबई आणि नागपूर त्यांत होती, हे आपले नशीब. पाच हजारांसाठी वीस हजारांचे तिकीट कोण काढणार? कित्येकांनी त्या नोटा तशाच ठेवून दिल्या.

२०१७ च्या जूनमध्ये बँक खात्याला आधार जोडणे सक्तीचे झाले. अनिवासींना सूट होती, पण बँकांचे संगणक सरसकट संदेश पाठवत होते आणि खाते गोठेल या भीतीने लोक हवालदिल होते. त्याच ऑक्टोबरमध्ये मोबाईल पाकिटांसाठी रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले, आणि २८ फेब्रुवारी २०१८ नंतर केवायसी न झालेल्या पाकिटात पैसे भरता येईनासे झाले. ती केवायसी सोप्यात सोपी व्हायची आधारच्या ओटीपीने. ज्याला आधार काढताच येत नव्हते त्याचा दरवाजा बंद. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्याची सक्ती रद्द केली. २०१९ च्या सप्टेंबरात भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना १८२ दिवसांची अट न लावता आधार काढण्याची मुभा मिळाली. पण आधारला जोडायचा मोबाईल क्रमांक भारतीयच हवा, ही गाठ त्या मुभेने सुटली नाही.

खरी मेख या मोबाईल क्रमांकात आहे. पासपोर्ट दहा वर्षे टिकतो. प्रीपेड सिम नव्वद दिवस वापरले नाही आणि त्यात किमान शिल्लक नसली, की कंपनी ते बंद करू शकते. काही काळाने तोच क्रमांक दुसऱ्या कोणाला तरी मिळतो. म्हणजे माणसाची ओळख त्याच्या रिचार्जइतकी टिकते. हरवल्या क्रमांकाची पेठ-परपेठ मिळत नाही. सिम मेल्यावर नवा क्रमांक नोंदवायला पुष्कळदा शाखेत स्वतः जावे लागते, आणि शाखा समुद्रापलीकडे. दुसरी बाजूही खरी आहे. चोरट्यांनी सिम बदलून लोकांची खाती साफ केली, आणि गल्फवाल्यांची खाती त्यांत होतीच. २०२५ च्या मार्चअखेरीपर्यंत बंद पडलेले आणि दुसऱ्याला दिलेले क्रमांक यूपीआयच्या नोंदीतून काढायला बँकांना सांगितले गेले, ते याच कारणाने. नियम निष्कारण नाहीत. ते घरी राहणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत, एवढेच.

१० जानेवारी २०२३ रोजी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने अनिवासींना परदेशी क्रमांकावर यूपीआय वापरू देण्याचे परिपत्रक काढले. खाते एनआरई किंवा एनआरओ असले पाहिजे. परिपत्रकात दहा देश होते : सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, हाँगकाँग, ओमान, कतार, अमेरिका, सौदी अरेबिया, अमिराती आणि ब्रिटन. कुवेत त्यात नव्हते, बहारीन नव्हते. शिवाय आपल्या लोकांची एक जुनी खोड इथे आडवी येते. परदेशी गेल्यावर साधे बचत खाते एनआरओमध्ये बदलून घ्यायचे असते, ते कोणी घेतलेले नसते. मुलगा वीस वर्षे जिद्दाहला आणि खाते अजून बारावीत उघडलेले. त्याच वर्षी १ जुलैला आधारशी न जोडलेले पॅन निष्क्रिय झाले. अनिवासींना सूट होती, पण आपण अनिवासी आहोत हे ज्यांनी आयकर खात्याला कधी कळवलेच नव्हते, त्यांचेही पॅन निष्क्रिय झाले.

जिथे कमावतो तिथेही तेच. अमिरातीत बँक खाते एमिरेट्स आयडीशी बांधलेले. २०१९ च्या फेब्रुवारीअखेर ज्यांनी तो बँकेत नोंदवला नाही, त्यांची कार्डे अडकली. कुवेतने २०२३ साली सर्वांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. नागरिकांना सप्टेंबर २०२४ अखेरची आणि परदेशी कामगारांना ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत दिली, आणि मुदत चुकवणाऱ्यांचे सरकारी व बँकेचे व्यवहार थांबवले. नोकरी सुटली, इकामा संपला, सिव्हिल आयडी संपला, की खाते थिजते. शेवटचा पगार आणि हिशेबाची रक्कम ज्या खात्यात यायची तेच हे खाते.

माझ्या स्नेह्यांनी हे सगळे निस्तरले. ठसे दिले, सुट्टीत येऊन खाते एनआरओ करून घेतले, नवे सिम काढले. ते सिम एका जुन्या साध्या फोनमध्ये घालून त्यांनी घरीच ठेवले आहे, कारण कुवेतला नेले तर पुन्हा बंद पडेल ही धास्ती. पुतण्या दर महिन्याला रिचार्ज मारतो. कुवेतहून व्यवहार करायचा झाला की आधी पुतण्याला फोन जातो, तो ओटीपी वाचून दाखवतो, ते तिकडे आकडे दाबतात. ओटीपी कोणालाही सांगू नका, असे बँक त्याच संदेशात बजावते. पुतण्या तेही वाचून दाखवतो आणि दोघे हसतात.

आता पुतण्याचाच कतारचा व्हिसा यायचा आहे. फोन कोणाकडे ठेवायचा याचे बोलणे घरात चालू आहे. आईने किराणावाल्याचे नाव सुचवले आहे.